पोटाचा छेद शिवताना: विरघळणारा दोरा निवडण्याची आणि हाताळण्याची रीत

शस्त्रक्रियेनंतरच्या फेरीत रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, टाके विरघळणारेच घातलेत ना?" विचारणाऱ्याच्या मनात कातडीवरचे टाके असतात आणि ते काढताना होणारी चुणचुण असते. शल्यचिकित्सकाने मात्र हा प्रश्न स्वतःला पोटाच्या आतल्या थराबद्दल विचारायला हवा, कारण कातडीचे टाके चुकले तर वण थोडा रुंद राहतो, पण पोटाचा मजबूत पडदा, म्हणजे मध्यरेषेतील लिनिया अल्बा, नीट शिवला गेला नाही तर आठवड्याभरात पोट उघडू शकते किंवा वर्षाभरात हर्निया बाहेर येतो. हे लेखन तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत काम करणारे तरुण डॉक्टर, इंटर्न आणि शस्त्रक्रियागृहातील सिस्टर यांच्यासाठी आहे. यातील प्रत्येक कृती आधी अनुभवी वरिष्ठाच्या देखरेखीखाली करावी, हे येथे गृहीत धरले आहे.

सर्वांत आधी एक फरक मनात पक्का करावा. "दोरा किती दिवसांत विरघळतो" आणि "दोरा किती दिवस ताकद धरून ठेवतो" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्या कामाचा प्रश्न दुसरा आहे. पॉलिग्लॅक्टिन ९१०, ज्याला आपण सगळे व्हिक्रिल म्हणतो, शरीरातून पूर्ण नाहीसा व्हायला साधारण ५६ ते ७० दिवस लागतात. परंतु त्याची ताकद दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के, तीन आठवड्यांनी ५० टक्के आणि चार आठवड्यांनी २५ टक्के एवढीच उरते. म्हणजे महिन्याने दोरा जागेवर दिसेल, पण त्याने धरलेले फारसे काही नसेल. पॉलिडायॉक्सनोन, म्हणजे पीडीएस, जाड मापात असेल तर चार आठवड्यांनंतरही निम्मी किंवा त्याहून अधिक ताकद राखतो आणि पूर्ण विरघळायला सहा महिन्यांहून अधिक काळ घेतो. याउलट मोनोक्रिल हा दुसरा कृत्रिम दोरा पहिल्या आठवड्यातच निम्म्याच्या आसपास येतो आणि तीन आठवड्यांत त्याचा आधार जवळजवळ संपतो, तरी त्याचे अवशेष तीन ते चार महिने शरीरात राहतात. व्हिक्रिल रॅपिड, म्हणजे लवकर विरघळणारा पॉलिग्लॅक्टिन, तर पाचव्या दिवशीच निम्म्यावर येतो आणि दोन आठवड्यांत ताकदशून्य होतो.

हे वितळणे घडते कसे, हे माहीत असले की निवड पाठ करावी लागत नाही. कॅटगट मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याच्या थरापासून बनतो, म्हणजे तो परका प्रथिनाचा तुकडा आहे. शरीरातील पेशी आणि विकरे त्याच्यावर तुटून पडतात, त्यामुळे दाह जास्त होतो आणि जंतुसंसर्ग असेल तर तो अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी तुटतो. साधा कॅटगट सात ते दहा दिवस टिकतो आणि क्रोमिक, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराची प्रक्रिया केलेला कॅटगट, दोन ते तीन आठवडे. कृत्रिम दोऱ्यांचे तसे नाही. त्यांच्या साखळीतील एस्टर बंध पाण्याच्या रेणूने तुटतात, त्यातून ग्लायकोलिक, लॅक्टिक अशी साधी आम्ले तयार होतात आणि शरीर ती कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्या रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे या दोऱ्यांचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. मात्र भोवतीचा द्रव अल्कधर्मी असेल, जसा स्वादुपिंडाचा रस किंवा संसर्ग झालेली लघवी, तर व्हिक्रिलसारखा दोरा लवकर खचतो आणि पीडीएस अधिक तग धरतो.

आता ऊतींकडे वळू. दोऱ्याचा कालावधी ऊतीच्या भरून येण्याच्या कालावधीशी जुळला पाहिजे, त्याच्या आधी तो संपता कामा नये. आतड्याच्या जोडाला पहिले चार-पाच दिवस जवळजवळ केवळ टाक्यांचाच आधार असतो, पण दोन आठवड्यांत तो चांगला मजबूत होतो. म्हणून तेथे ३-० (हे दोऱ्याच्या जाडीचे माप, ते पुढे येईल) व्हिक्रिल किंवा ३-० पीडीएस दोन्ही चालतात. मूत्राशयात आणि पित्तनलिकेत न विरघळणारा दोरा आतल्या पोकळीत उघडा राहिला तर त्याभोवती खडा जमतो, म्हणून तेथे विरघळणाराच हवा. प्रसूतीच्या वेळी घेतलेल्या छेदाला कॅटगटऐवजी लवकर विरघळणारा पॉलिग्लॅक्टिन अधिक सोयीचा, कारण तेथे आठवडा-दीड आठवड्यापलीकडे दोऱ्याची गरज नसते आणि राहिलेला दोरा बाळंतिणीला बसता-उठता टोचतो. कातडीखालून घालायच्या टाक्याला मोनोक्रिल योग्य.

पोटाच्या पडद्याचा वेग मात्र फार संथ आहे. त्याला मूळ ताकदीच्या निम्म्यापर्यंत पोहोचायलाच ५० दिवसांच्या आसपास लागतात आणि वर्षानंतरही ती ताकद पूर्ण परत येत नाही. हा कालावधी वरच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला की मध्यरेषेचा छेद व्हिक्रिलने का शिवू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. दोरा संपतो तेव्हा पडदा अजून अर्ध्या वाटेवरही नसतो. येथे पीडीएससारखा सावकाश विरघळणारा, एकतंतू, म्हणजे न विणलेला, एकाच तंतूचा दोराच निवडावा. प्रोलीन किंवा नायलॉन या न विरघळणाऱ्या दोऱ्यानेही पोट टिकते, पण कृश रुग्णात त्याची गाठ कातडीखाली कायम टोचत राहते आणि कधीकधी महिन्यांनंतर तेथून पू येऊ लागतो. तो दोरा काढायला आलेल्या रुग्णांना मी अनेकदा भेटलो आहे, म्हणून माझा कल विरघळणाऱ्या दोऱ्याकडे आहे.

पाकीट उघडण्यापूर्वी

दोऱ्याची निगा कपाटापासून सुरू होते. पाणी हेच ज्याचे विरघळण्याचे साधन आहे त्या दोऱ्याला दमट हवेपासून जपलेच पाहिजे, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलै महिन्यात हवेत किती ओल असते हे कोणाला सांगायला नको. आतले फॉइलचे आवरण याच ओलीसाठी असते. पेटी कोरड्या जागी, २५ अंशांखाली, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रापासून आणि वाफेच्या नळीपासून दूर ठेवावी. आधी संपणारी मुदत समोर, नंतरची मागे, अशी रचना सिस्टरने करून घ्यावी. फॉइल टोचलेले, फुगलेले किंवा कडेला सुटलेले दिसले तर ते पाकीट वापरू नये.

एक सवय अनेक छोट्या शस्त्रक्रियागृहांत अजून दिसते आणि तिच्याविषयी मला मनापासून सांगावेसे वाटते. उरलेला दोरा टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून तो स्पिरिटच्या किंवा जंतुनाशकाच्या बाटलीत बुडवून पुढच्या रुग्णासाठी ठेवला जातो. काटकसरीमागची भावना मला समजते. परंतु विरघळणारा दोरा आवरणाबाहेर आला की त्याची ताकद घटू लागते, आणि ती किती घटली हे हाताला कळत नाही. शिवाय अशा बाटलीतला दोरा निर्जंतुक असेल याचीही खात्री देता येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, तर तो कधीच घालू नये, कारण उष्णता आणि वाफ मिळून त्याचे बंध तेथेच तोडतात. दोरा वाचवायचा असेल तर छेदाच्या लांबीचा अंदाज घेऊन पाकिटे एकेक करून उघडावीत, आधीच चार फोडून ठेवू नयेत.

मापाबाबत थोडक्यात एवढेच. क्रमांक १ म्हणजे साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर जाडी, २-० म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या किंचित वर, आणि ३-० म्हणजे ०.२ ते ०.२५ मिलिमीटर. जाड दोरा म्हणजे सुरक्षित पोट, हा समज खरा नाही. तो का खरा नाही ते पुढे येईलच.

हातातील उपकरणे

नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचे उपकरण, चांगले नसेल तर उत्तम दोराही व्यर्थ जातो. ज्याच्या जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि ज्याची कडी सोनेरी असते तो घ्यावा. त्याची पकड पक्की असते आणि पट्ट्या झिजल्या तर काही बनावटींत त्या बदलताही येतात. शस्त्रक्रियेआधी त्याची परीक्षा घ्यायला अर्धा मिनिट पुरतो. सुई जबड्यात धरून दुसऱ्या खाचेपर्यंत लॉक करावे आणि दुसऱ्या उपकरणाने सुई हलवून पाहावी. ती सहज फिरली तर तो होल्डर दुरुस्तीला बाजूला ठेवावा. बारीक सुईसाठी बारीक जबडा लागतो, कारण मोठ्या जबड्यात लहान सुई सपाट होते आणि तिचा गोलवा बिघडला की ती ऊतीतून सरळ ओढली जाते.

सुई जबड्याच्या टोकाशी धरावी, आणि सुईवर पाहिले तर टोकापासून अर्धे ते दोन तृतीयांश अंतरावर. दोरा जेथे सुईत बसवलेला असतो तो भाग पोकळ आणि कमजोर असतो. तेथे धरली तर सुई वाकते. टोक तर कशानेच धरू नये. सुई आत घालताना पुढे ढकलायची नसते, मनगट फिरवून तिच्या स्वतःच्या गोलव्याने जाऊ द्यायची असते. पडद्याकरिता गोल अंगाची, अर्धवर्तुळाकार सुई घ्यावी. धारदार कडांची सुई कातडीसाठी असते. पडद्यात ती पाडते ते भोक नव्हे, बारीक चीर असते आणि ताण पडला की ती वाढते.

चिमट्याबाबत माझा आग्रह असा की पडद्याची कड एकदाच नीट धरावी, चार वेळा चावू नये. दाताचा चिमटा कमी जोर लावून धरतो, म्हणून पडद्याला तोच बरा. आतड्याला मात्र दात लावू नयेत. तेथे डीबेकीसारखा बिनदाती, बारीक खाचांचा चिमटा वापरावा. मेट्झेनबॉम कात्रीने दोरे कापू नयेत, एवढे शिस्तीने पाळले तर ती वर्षानुवर्षे ऊती अलगद सोडवत राहते. दोऱ्यांसाठी सरळ मेयो कात्री वेगळी ठेवावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोरा कोणत्याही उपकरणाच्या जबड्यात पकडू नये. एकतंतू दोऱ्याला नीडल होल्डरने किंवा आर्टरी फोर्सेप्सने (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याने) चिमटले की तेथे एक पांढरट, चपटा डाग पडतो. दिव्याखाली धरून पाहिले तर तो स्पष्ट दिसतो, आणि दोरा तुटतो तो बहुधा तिथेच. टोक धरून ठेवायचे असेल तर ते आर्टरीने अगदी शेवटाशी धरावे, जो भाग पुढे कापलाच जाणार आहे. पीडीएस पाकिटातून काढल्यावर त्याला गुंडाळीची वळणे असतात. ती दोन हातांनी हळूच ताणून घालवावीत, झटका देऊ नये. विरघळणारे कृत्रिम दोरे सलाइनच्या वाटीत भिजत ठेवू नयेत.

छेद शिवण्याची रीत

आतले काम संपले, रक्तस्राव थांबला, स्पंज आणि उपकरणांची मोजणी जुळली, की पडदा शिवण्यापूर्वी सर्वांनी हातमोजे बदलावेत आणि शिवण्यासाठी स्वतंत्र निर्जंतुक उपकरणांचा संच उघडावा. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीता या चाचणीत एवढ्या साध्या बदलाने जखमेतील संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. याच सात देशांत त्याआधी झालेल्या फाल्कन चाचणीत जंतुनाशक ट्रायक्लोसानचा लेप असलेल्या महागड्या दोऱ्याचा मात्र फायदा दिसला नाही. ज्या रुग्णालयाचा खर्च मोजून-मापून होतो त्याने आपले पैसे दुसऱ्या संचावर लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संच असा ठेवावा: एक नीडल होल्डर, दोन दाताचे चिमटे, पडद्याची कड धरायला दोन-तीन कोखर किंवा ॲलिस चिमटे, एक मेयो कात्री आणि एक निर्जंतुक पट्टी. पट्टी पाहून कित्येकांना नवल वाटते, पण या कामात तिचे स्थान सुईइतकेच आहे.

नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टिच चाचणीत नियोजित शस्त्रक्रियेचे मध्यरेषेचे छेद दोन रीतींनी शिवले गेले. एका गटात जाड दोऱ्याने एकेक सेंटिमीटरवर मोठे टाके घातले, दुसऱ्या गटात २-० पीडीएस आणि लहान सुईने पाच-पाच मिलिमीटरवर लहान टाके घातले. वर्षानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के रुग्णांना छेदाच्या जागी हर्निया झाला होता आणि लहान टाक्यांच्या गटात १३ टक्के रुग्णांना. कारण समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या टाक्यात पडद्याबरोबर चरबी आणि स्नायूही अडकतो, तो दाबाखाली मरतो, टाका ढिला होतो आणि कडा एकमेकींपासून दूर सरकतात. लहान टाक्यात केवळ पडदाच येतो आणि ताण दुप्पट टाक्यांवर विभागला जातो.

म्हणून प्रथम पडद्याच्या दोन्ही कडांवरची चरबी फक्त दिसण्यापुरती बाजूला करावी. खरवडून काढू नये, कारण त्यातूनच कडेला रक्त मिळते. छेदाची लांबी पट्टीने मोजून मोठ्याने सांगावी आणि सिस्टरने ती फळ्यावर लिहावी. दोन दोरे घ्यावेत, एक वरच्या टोकापासून आणि एक खालच्या टोकापासून सुरू करावा, आणि पहिला टाका छेदाच्या कोपऱ्याच्या थोडा पलीकडे घ्यावा. कडेपासून पाच ते आठ मिलिमीटर आत आणि मागच्या टाक्यापासून पाच मिलिमीटर पुढे, असे जात राहावे. डोळ्यांना पाच मिलिमीटरची सवय होईपर्यंत आपल्या होल्डरच्या जबड्याची लांबी एकदा पट्टीने मोजून ठेवावी आणि तिच्याशी ताडून पाहावे. सहायकाने दोरा धरायचा तो कडा एकमेकींना नुसत्या टेकतील एवढाच. ओढून बांधलेला टाका दिसायला घट्ट असतो, पण त्याखालची ऊती पांढरी पडते, आणि पांढरी पडलेली ऊती म्हणजे रक्त न पोहोचणारी ऊती. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते, खोकला येतो, तेव्हा छेदाची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. त्या वाढीला पुरेल एवढा दोरा आत असायला हवा. छेदाच्या लांबीच्या किमान चौपट दोरा वापरला गेला पाहिजे, हा नियम याच हिशेबातून आला आहे. मधोमध दोन्ही दोरे भेटतात तेथे ते किमान दोन सेंटिमीटर एकमेकांवरून पुढे न्यावेत आणि मग स्वतंत्र गाठी माराव्यात. एकतंतू दोरा गुळगुळीत असतो, म्हणून चौकोनी गाठ मारून एकूण पाच ते सहा फेरे द्यावेत आणि टोके तीन-चार मिलिमीटर सोडावीत. विणलेल्या व्हिक्रिलला तीन-चार फेरे पुरतात.

मी शिकत असतानाची एक घटना हे लिहिताना सतत डोळ्यांसमोर येते. पोट शिवून सहा दिवस झालेल्या एका आजोबांचे ड्रेसिंग सकाळी गुलाबी पाण्याने भिजलेले होते. मी वरचे ड्रेसिंग बदलले आणि पुढच्या रुग्णाकडे गेलो. दुपारी आजोबा खोकले आणि आतडी कातडीबाहेर आली. रात्री पुन्हा शस्त्रक्रियागृहात पोट उघडले तेव्हा दोरा अखंड होता, प्रत्येक गाठ शाबूत होती. तुटला होता तो पडदा. जाड दोऱ्याच्या लांब-लांब, करकचून ओढलेल्या टाक्यांनी त्याला एकेका जागी चिरत नेले होते. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान जखमेतून गुलाबी पाणी आले तर ते पोट उघडत असल्याचे लक्षण समजावे, आणि तेव्हापासून मी एकही अशी जखम वरिष्ठांना न दाखवता सोडलेली नाही.

जाळी आणि इतर विरघळणारे पदार्थ

पोटाच्या भिंतीला किंवा हर्नियाच्या जागी आधार म्हणून लावायच्या विरघळणाऱ्या जाळीबद्दल लोकांना फार आशा वाटते, म्हणून थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. पॉलिग्लॅक्टिनची जाळी काही आठवड्यांत आधार सोडते. पोट दूषित आहे, बंद होत नाही, अशा वेळी आतडी आत ठेवण्याचा तात्पुरता उपाय म्हणून ती उपयोगी आहे. पुढे हर्निया होणार हे गृहीत धरूनच ती लावायची असते. पॉली-४-हायड्रॉक्सीब्युटिरेटची नवी जाळी विरघळायला १२ ते १८ महिने घेते आणि दूषित जखमेत तिचा विचार करता येतो, पण किंमत फार आहे. जांघेच्या साध्या हर्नियासाठी अशी जाळी घ्यायला रुग्णाला कर्ज काढायला लावू नये. तेथे साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी उत्तम काम करते. स्वस्त पर्यायांच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला काही दिले आहे, याचा मला अभिमान वाटतो. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडापासून बनवलेल्या निर्जंतुक जाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी रुग्णाच्याच पडद्याची पट्टी वापरून जाळीविना हर्निया दुरुस्त करण्याची रीत मांडली, जी पुढे विरघळणाऱ्या दोऱ्यानेही करून दाखवली.

रक्त थांबवण्यासाठी ठेवायचे ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज किंवा जिलेटिनचा स्पंज विरघळतो खरा, पण तो लागेल तेवढाच ठेवावा आणि हाडाच्या अरुंद पोकळीत मज्जातंतूजवळ असेल तर रक्त थांबल्यावर काढून घ्यावा, कारण तो फुगतो.

शेवटी ऑपरेशन नोट. तिच्यात "पोट थरांनुसार शिवले" एवढेच लिहून थांबू नये. दोऱ्याचे नाव, माप, बॅच क्रमांक आणि मोजमाप लिहावे: छेद २४ सेंटिमीटर, २-० पीडीएस ७० सेंटिमीटरचे दोन दोरे, उरलेले तुकडे मिळून ३६ सेंटिमीटर, वापरलेला दोरा १०४ सेंटिमीटर, प्रमाण ४.३ ला १. रुग्णाला सुट्टी देताना त्याच्या कागदावरही मराठीत लिहावे की आतला दोरा सहा महिन्यांहून अधिक काळ राहील, पहिले सहा आठवडे पाण्याची कळशी किंवा धान्याचे पोते उचलू नये, खोकला आला तर उशी पोटाशी धरावी, आणि जखमेतून पाणी आले तर त्याच दिवशी यावे.